तहमीना बेगमच्या नावाचा सुतार

हल्ली मोबाइलवर एका प्रकारचे व्हिडिओ फार फिरतात. ऑस्ट्रेलियातले एखादे जोडपे, दोघेही साठीच्या पुढचे. गाडीच्या मागे चाकांचे एक छोटे घर जोडतात आणि घराला कुलूप लावून चार-सहा महिने देशाच्या उत्तर टोकाकडे निघून जातात. या चाकांच्या घराला कॅराव्हॅन म्हणतात. आत पलंग, शेगडी, मोरी, सगळे. अशा जोडप्यांना तिकडे गमतीने ‘ग्रे नोमॅड्स’ म्हणतात, म्हणजे पिकल्या केसांचे भटके. डार्विन, काकाडू, केर्न्स अशी त्यांची ठिकाणे. नदीकाठी खाऱ्या पाण्यातल्या अजस्र मगरी, झाडांवर वटवाघळांच्या वसाहती, आणि पावसाळी जंगलात कॅसोवरी नावाचा माणसाएवढा उंच, न उडणारा पक्षी. या कॅसोवरीची एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मादी अंडी घालते आणि निघून जाते. नर जवळजवळ पन्नास दिवस अंड्यांवर बसतो आणि पुढे कितीतरी महिने पिल्लांना मागे घेऊन हिंडतो.

आमच्या सीबीडी बेलापुरात असे व्हिडिओ पाहणारी घरे खूप आहेत. कोकण भवन, सिडको भवन किंवा रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत उमर घालवून निवृत्त झालेले अब्बा, घर सांभाळून थकलेल्या अम्मी, आणि मुले दुबईला, दोह्याला नाहीतर मेलबर्नला. व्हिडिओ संपला की अम्मी म्हणतात, “हे आपल्या नशिबात कुठे!” आणि अब्बा म्हणतात, “त्याला पैसा लागतो.”

दोघांचेही म्हणणे अगदीच खोटे नाही. पण कॅराव्हॅन हा शब्द आपल्याला परका वाटू नये. तो फारसीतल्या ‘कारवाँ’वरून आला. इंग्रजांनी तो उचलला, त्याला चाके लावली आणि आपल्यालाच परत विकायला काढला. महाराष्ट्र शासनानेसुद्धा 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तेव्हा भाड्याची अशी गाडी घेऊन कोकणात उतरणे आता परीकथेतली गोष्ट राहिलेली नाही.

मात्र या महिन्यात मला गाडीबद्दल नाही, एका जोडप्याबद्दल लिहायचे आहे. आपल्याच मुंबईतले, मुसलमान घरातले मियाँ-बीवी. त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी, चाकांचे घर नसताना, जंगलातून अशी सफर केली. मियाँचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. बीवीचे नाव फार थोड्यांना.

नोकरी गेली आणि किहीम गाठले

सलीम अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा, मुंबईतला. सुलेमानी बोहरा घराणे. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. खेतवाडीत राहणारे मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी पोरक्या भाच्यांना वाढवले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली एक चिमणी घेऊन हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला आणि तिथून त्याला पाखरांचे वेड लागले. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांमुळे बऱ्याच मुलांना माहीत असते.

डिसेंबर 1918 मध्ये सलीम अलींचे लग्न झाले. दुलहन दूरच्या नात्यातली, नाव तहमीना. त्या इंग्लंडमध्ये शिकलेल्या. अशा मुलीसाठी नातेवाईक काय काय ठरवून ठेवतात ते वेगळे सांगायला नको. मोठा बंगला, ठरलेली आमदनी, घरात नोकरचाकर. तहमीनांना मिळाला तो पाखरांमागे धावणारा, बेभरवशाच्या कमाईचा नवरा. 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये सलीम अलींना गाइड लेक्चररची नोकरी मिळाली. पगार महिना 350 रुपये, त्या काळी चांगलाच. पण त्यांना आणखी शिकायचे होते. रजा काढून ते बर्लिनला गेले, तिथल्या संग्रहालयात प्राध्यापक श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली काम केले. 1930 मध्ये परत आले तेव्हा कळले की पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झाली आहे.

वय तेहतीस, हातात जर्मनीहून आणलेले ज्ञान आणि खिशात काही नाही. आपल्या आजूबाजूला अशी वेळ कितीतरी घरांवर येते. आखातातली नोकरी सुटते, कंपनी बंद पडते, आणि घरातले वातावरण महिनाभरात बदलते. अशा वेळी बायको काय बोलते, यावर पुढची दहा वर्षे ठरतात. या जोडप्याने मुंबईचा खर्च टाळण्यासाठी समुद्रापलीकडे, अलिबागजवळच्या किहीम गावी बस्तान हलवले. नारळी-पोफळीच्या वाड्या, पुढे समुद्र, आणि पावसाळ्यात झाडांना लटकणारी सुगरणींची घरटी.

सुगरणीचे गुपित

सुगरण हा पक्षी बेलापूर, पनवेल, उरण भागात राहणाऱ्यांना नवा नाही. शिंदीच्या किंवा बाभळीच्या झाडाला, बहुतेक पाण्यावर झुकलेल्या फांदीला, दुधी भोपळ्यासारखे लांब घरटे लटकताना आपण पाहतो. मराठीत आपण चांगला स्वयंपाक करणाऱ्या, घर टापटीप ठेवणाऱ्या बाईला सुगरण म्हणतो. पाखरालाही तेच नाव दिले. म्हणजे हे देखणे विणकाम मादीचेच असणार, असे धरून चाललो.

किहीमला सलीम अलींनी रोजच्या रोज या घरट्यांसमोर बसून नोंदी केल्या आणि वेगळेच चित्र समोर आले. घरटे विणतो तो नर. पावसाच्या तोंडावर त्याचे डोके पिवळेधमक होते. गवताच्या आणि पात्यांच्या धांदोट्या आणून तो विणायला लागतो. घरटे अर्धे झाले, उलट्या टोपीसारखे दिसू लागले की माद्यांचा थवा पाहणीला येतो. मादी आत शिरते, चोचीने ओढून पाहते. पसंत पडले तर राहते, नाही तर निघून जाते. पसंती मिळाल्यावरच नर खालची लांब नळी विणून घरटे पुरे करतो. मादी अंडी घालून उबवायला बसली की हे महाशय जवळच दुसरे घरटे सुरू करतात आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतात. 1931 मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात हे सगळे छापून आले आणि सलीम अलींचे नाव जाणकारांत झाले. नोकरी गेल्यावर जे बेकारीचे दिवस म्हणून मोजले जायचे, ते त्यांच्या आयुष्यातले मोलाचे दिवस ठरले.

नाव बाईचे आणि काम बाप्याचे, हा सुगरणीचा प्रकार. माणसांत बहुधा उलटे असते. पुढची हकीकत वाचताना हे ध्यानात ठेवा.

जाता जाता एक गोष्ट. जनावरांकडे असे निरखून पाहण्याची रीत आपल्याकडे नवी नव्हती. मोगल बादशहांच्या या शौकावर सलीम अलींनी 1927-28 मध्ये तीन भागांत लेख लिहिले होते. जहांगीर बादशहाने सारस पक्ष्यांची एक जोडी पाळली होती. नावे ठेवली लैला आणि मजनू. त्यांची अंडी, पिल्ले, नर-मादीने पाळीपाळीने अंडी उबवणे, हे सारे त्याने आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवले आहे.

तंबूतला संसार

किहीमनंतर खरी सफर सुरू झाली. देशात कोणत्या भागात कोणते पक्षी आहेत याची नीट पाहणी तोवर फारशी झाली नव्हती. सलीम अलींनी संस्थानिकांपुढे सरळ प्रस्ताव ठेवला. मोहिमेचा खर्च संस्थानाने द्यावा, माझ्या कामाचे मी काही घेणार नाही. निजामाचे हैदराबाद तयार झाले, मग त्रावणकोर आणि कोचीन, पुढे ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. या सुरुवातीच्या सफरींत तहमीना नवऱ्याबरोबर होत्या.

ऑस्ट्रेलियाच्या कॅराव्हॅनवाल्यांशी तुलना करायची तर 1933 ची त्रावणकोर-कोचीनची सफर घ्यावी. डार्विन शहर विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे बारा अंशांवर आहे आणि केरळ उत्तरेला आठ ते बारा अंशांवर. म्हणजे पृथ्वीच्या पोटावर दोन्ही मुलूख जवळजवळ सारख्याच अंतरावर. तीच दमट हवा, तसाच मोसमी पाऊस, तशीच हिरवी गर्दी. जानेवारी 1933 मध्ये मरयूरपासून ही पाहणी सुरू झाली. वाटेत पेरियार नदीकाठी थट्टेकाड लागले. त्या जंगलात पाखरांची इतकी विविधता होती की सलीम अलींनी दक्षिण भारतातले पक्ष्यांच्या दृष्टीने सर्वांत संपन्न ठिकाण म्हणून त्याचा गौरव केला. 1983 मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि त्याला त्यांचेच नाव मिळाले.

आज आपण केरळला जातो ते हाउसबोटीत बसायला. तेव्हाच्या मुक्कामाचा विचार करा. मलेरियाचा काळ. कपडे वाळता वाळत नाहीत अशी हवा. पहाट होण्याआधी बाहेर पडायचे. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे नमुन्यासाठी पक्षी मारून आणायचा, त्याची कातडी सोलायची, आत कापूस भरायचा, चिठ्ठी बांधायची, रात्री कंदिलाच्या उजेडात टिपणे लिहायची. दोन-चार दिवसांनी सगळा पसारा उचलून पुढच्या मुक्कामाला. पाखरे पाहणे हे यातले थोडके काम. बाकीचा वेळ जातो तो धान्य, पाणी, सरपण, औषधे, बिछाने आणि मोजमाप यांत.

घर चालवणाऱ्या बाईला हे सांगायला नको. चार दिवसांच्या सफरीतसुद्धा मीठ कुठल्या डब्यात आहे हे एकाच माणसाला माहीत असते.

सलीम अलींना स्वतःला या कामात किती गती होती, याचा एक दाखला मिळतो. 1937 मध्ये ते रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज पक्षीतज्ज्ञाबरोबर अफगाणिस्तानात गेले. इंग्रजाने रोजनिशीत तक्रार लिहून ठेवली. या माणसाला नमुने गोळा करण्यापलीकडे काही येत नाही, पक्षी सोलता येत नाही, स्वयंपाक येत नाही, सामान बांधता येत नाही, लाकूड फोडता येत नाही, नुसता टिपणे लिहीत बसतो, असा त्याचा सूर. सलीम अलींचा मोठेपणा असा की पुढे त्यांनी हा मजकूर आपल्या ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ या आत्मचरित्रात स्वतःच छापला. लेखक फटकळ होता, त्याचे सगळे खरे मानायला नको. पण थोडे जरी खरे धरले तरी त्याआधीच्या तंबूंमधला संसार कसा चालला असेल आणि कुणाच्या जोरावर, याचा अंदाज बांधता येतो.

तहमीनांचे देणे सामान बांधण्यापुरते नव्हते. सलीम अलींची इंग्रजी फार साधी, खेळकर आणि वाचनीय होती. त्यांच्या पुस्तकांवर पिढ्या पोसल्या त्या माहितीइतक्याच त्या भाषेमुळे. आपली इंग्रजी सुधारण्याचे श्रेय त्यांनी इंग्लंडमध्ये शिकलेल्या आपल्या बीवीला दिले आहे. म्हणजे दिवसा बरोबर चालायचे आणि रात्री कागदावरही हात फिरवायचा.

नाव एका पाखरावर

या सफरींत जमा झालेले नमुने तपासायला इंग्लंडला जात. तिथे ह्यू व्हिस्लर हे मोठे जाणकार होते. केरळकडच्या सोनपाठी सुतार पक्ष्याचा उपप्रकार वेगळा आहे, हे व्हिस्लर आणि किनियर या दोघांच्या लक्षात आले. 1934 मध्ये त्यांनी त्याचे शास्त्रीय नाव ठेवले ‘डायनोपियम बेंगालेन्स तेहमिनी’. तेहमिनी, म्हणजे तहमीनाचा. पाठ सोनेरी, डोक्यावर लाल तुरा, नारळाच्या खोडावर ठकठक करणारा हा पक्षी. आपल्या बेलापूरच्या बागांतही सोनपाठी सुतार दिसतो, मात्र त्याचा उपप्रकार दुसरा. तहमीनाच्या नावाचा सुतार दूर दक्षिणेत, केरळच्या बाजूला.

पुढची हकीकत थोडकी आणि दुःखाची आहे. 1939 मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तहमीना वारल्या. लग्नाला एकवीस वर्षे पुरी होत आली होती. सलीम अली पार कोसळले. बहीण कम्मू आणि मेव्हणे हसन यांनी त्यांना आपल्या घरी नेले. दोन वर्षांनी, 1941 मध्ये, ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ हे त्यांचे गाजलेले पुस्तक निघाले. तहमीनांनी ते पाहिले नाही. 1958 चे पद्मभूषण, 1976 चे पद्मविभूषण, डिलन रिप्ले यांच्यासोबतचा पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ, 1985 मध्ये राज्यसभा, हे सगळे तहमीनांनंतरचे. सलीम अली 1987 पर्यंत जगले. तहमीनांशिवाय अठ्ठेचाळीस वर्षे.

त्यांच्या नावाने अभयारण्ये आहेत, संस्था आहेत, दक्षिणेत एक दुर्मिळ वटवाघूळसुद्धा आहे. बीवीच्या नावावर एक सुतार. बहुतेक घरांतल्या बायकांना तेवढेही मिळत नाही, हे मात्र मान्य करायला हवे.

आपल्या घरातली सफर

म्हणूनच ऑस्ट्रेलियातल्या जोडप्यांचे व्हिडिओ पाहताना मला गाडीचा हेवा वाटत नाही. त्यातला नवरा चहा करतो आणि बायको दुर्बीण डोळ्याला लावून बसते, त्या एका दृश्याचा वाटतो. आपल्याकडे सफर म्हटली की घरातली बाई दोन दिवस आधीपासून खिमा परतते, रोट्या लाटते, डबे भरते, औषधे मोजते. पोहोचल्यावर जागा झाडते, वाढते, आवरते. परत आल्यावर कपडे धुते. सगळ्यांचे फोटो निघतात. तिने तिथे काय पाहिले, असे कोणी विचारत नाही.

तेव्हा भाऊ लोकांनो, सफर छोटीच करा, पण दोघांची करा. डबा हॉटेलातून घ्या, नाहीतर स्वतः बांधा. आणि घरात एक दुर्बीण असेल तर पहिला मान तिला द्या. बेलापूरहून एका दिवसात होणाऱ्या तीन सफरी सांगते. त्यांना चाकांचे घर लागत नाही.

पहिली सर्वांत जवळची. लोकलने सीवूड्स-दारावे किंवा नेरूळला उतरा. टी. एस. चाणक्य आणि एनआरआय वसाहतीच्या बाजूच्या पाणथळ जागांत थंडीपासून मेपर्यंत फ्लेमिंगो उतरतात. भरतीची वेळ बघून जा, कारण खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की ते या तळ्यांकडे येतात. गुडघे दुखत असतील तरी जमण्यासारखे. फ्लेमिंगोंत नर आणि मादी दोघेही पिल्लाला आपल्या घशात तयार होणारे लालसर दूध पाजतात आणि त्या दिवसांत दोघांचाही गुलाबी रंग फिका पडतो. मुले वाढवताना रंग कोणाचा उडतो, यावर घरी परतताना चर्चा करायला हरकत नाही. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झाले आणि 2022 मध्ये रामसर यादीत गेले. या खाडीकाठची तळी बुजली तर भरतीच्या वेळी त्या पाखरांनी बसायचे कुठे, हा आपल्या नवी मुंबईकरांचा प्रश्न आहे.

दुसरी कर्नाळ्याची. पनवेलच्या पुढे, मुंबई-गोवा महामार्गावर, अंगठ्यासारखा सुळका दिसला की कर्नाळा आले. पनवेलहून पेणकडे जाणारी एसटी चालते. फजरची नमाज झाली की लगेच निघा. पाखरांची वेळ तीच. पावसाळ्यात लांब पांढरी शेपूट मिरवणारा स्वर्गीय नर्तक आणि माणसासारखी शीळ घालणारा पर्वत कस्तुर यांची वाट पाहा. एका जागी अर्धा तास गप्प बसायचे. निवृत्त नवऱ्यांना आधी हे जड जाते, मग जमते.

तिसरी किहीमची. पेण, वडखळवरून अलिबागची वाट धरा. किहीम अलिबागच्या उत्तरेला, मांडव्याच्या रस्त्याला लागून. बहुतेक लोक तिथे समुद्रासाठी हिवाळ्यात जातात. तुम्ही पावसाळ्यात जा. समुद्रात उतरू नका. सुगरणीची घरटी शोधा आणि त्यातली टोपीएवढी अर्धवट घरटी पाहा. नशीब चांगले असेल तर मादी पाहणीला आलेली दिसेल आणि बाहेर ताटकळत, पंख फडफडवणारा तो कारागीरही दिसेल. घरट्याला हात लावू नका, मुलांना तोडू देऊ नका. दिवाणखान्यात टांगायला ते सुंदर दिसते, पण एका पावसाळ्यात एकाच झाडावर पिल्ले अजून आत असू शकतात.

बरोबर एक साधी वही ठेवा. दोन रकाने पाडा. एकात त्याने पाहिलेली पाखरे, दुसऱ्यात तिने पाहिलेली. नाव माहीत नसेल तर रंग, चोच आणि झाड लिहा. तारीख आणि ठिकाण विसरू नका. सहा महिन्यांनी कोणाचा रकाना लांब झाला ते आम्हाला कळवा. आणि पत्र लिहिताना खाली दोघांचीही नावे घाला, तिचे आधी.